तेलाची गाठ

आमच्या घरात दोन गोष्टींना कधी तोटा पडला नाही: झेंडू आणि सल्ला. झेंडू तिवशाकडच्या आमच्या शेतातून यायचा. सल्ला कुठूनही यायचा. वहिनीच्या डाव्या डोळ्याच्या वरच्या पापणीत मोहरीएवढं काहीतरी उगवलं तेव्हा तर सल्ल्याचं पीक असं जोमात आलं, की बाजारात नेलं असतं तर अमरावतीचं मार्केट दोन हंगाम तुंबून राहिलं असतं.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. माहेर अकोल्याचं. अमरावतीत देवळाच्या रस्त्यावर आमचं हारांचं दुकान आहे. दुकान कसलं, एक ओटा, वर ताडपत्री, पुढे पाण्यानं भिजवलेलं गोणपाट आणि त्यावर फुलं. वडील होते तेव्हा त्यांनीच नव्या सुनेला त्या ओट्यावर बसवलं. तोवर आमचे हार असे असायचे, की गायीनं अर्धे खाऊन कंटाळून टाकून दिलेत असं वाटावं. वहिनी बसली आणि रस्त्याचा नूरच बदलला. तिची बोटं चालायला लागली की फुलं रांग लावून उभी राहायची आणि दोरा घाबरून आपणच गाठ मारून घ्यायचा. मी तर एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, गिऱ्हाईकानं ‘हार’ म्हणायला तोंड उघडलं, ‘हा’ झाला आणि ‘र’ व्हायच्या आत हार त्याच्या हातात होता.

घरात वहिनीचं म्हणावं असं फार नव्हतं. एक लोखंडी पेटी होती आणि एक नवरा होता. दोघंही सारखेच बोलायचे. माझ्या भावाच्या तोंडून शब्द काढायचा तर विहिरीला लागतो त्याहून लांब दोर लागतो. पण ओटा तिचा होता. तिथं ती कोणाची सून नव्हती, ‘हारवाल्या ताई’ होती. लग्नाचा हार, वास्तूचं तोरण, नव्या गाडीची माळ, अख्खं गाव तिला विचारून घ्यायचं. सकाळी ओट्यावर पाणी शिंपडून ती बसायची तेव्हा तिचा चेहरा असा व्हायचा, की घरी तो कधी झालेला मी पाहिला नाही.

तर लग्नसराईच्या ऐन भरात ती मोहरी आली.

आमच्याकडे पापणीवर काहीही आलं की त्याला एकच नाव, रांजणवाडी. आणि रांजणवाडीचं एकच कारण, चोरून पाहणं. जे पाहू नये ते पाहिलं की देव पापणीवर शिक्का मारतो. पुरुषाच्या डोळ्यावर आली तर चौकात दिवसभराची करमणूक. बाईच्या डोळ्यावर आली तर मात्र करमणूक वर्षभर पुरते.

शेजारचा नारळवाला पहिल्याच सकाळी ओरडला, “काय वो वयनीबाई! कोनाच्या खिडकीतून पायलं?”

वहिनी हार ओवता ओवता म्हणाली, “तुमच्याच. पन पाहासारकं काईच नोतं, भाऊ.”

सगळा रस्ता हसला. नारळवाला तर इतका हसला की त्याच्या हातून नारळ फुटला आणि पाणी गटारात गेलं. आई हसली नाही. आईनं संध्याकाळी उजव्या हाताचं बोट डाव्या तळव्यावर घासघास घासलं, आग निघायची बाकी राहिली, आणि ते गरम बोट वहिनीच्या पापणीवर टेकवलं. दुसऱ्या दिवशी सहाणेवर लवंग उगाळली. तिसऱ्या दिवशी मेडिकलमधून थेंब आणले. मेडिकलवाल्यानं डोळा पाहिला नाही, वहिनीही पाहिली नाही, माझ्याकडं पाहून बाटली दिली. मधलीनं, म्हणजे माझ्या मधल्या भावाच्या बायकोनं, हारांची सुई चुलीवर धरून आणली.

“एक टोचा मारते, बाई. पू निंघून जाईल.”

“पहिले तुह्या डोयात मारून दाखव,” वहिनी म्हणाली. मधली सुई घेऊन परत गेली, पण तिनं सुई ज्या नजरेनं उचलली होती ती माझ्या ध्यानात राहिली.

आता खरी गंमत अशी, की टोचून काही निघालंच नसतं. रांजणवाडी मी लहानपणी भोगली आहे. ती केसाच्या मुळाशी येते, लाल होते, ठणकते, झोपू देत नाही, तोंड धरते, फुटते आणि निघून जाते. भांडखोर पाहुणा असतो तशी. वहिनीचं हे पापणीच्या किनारीपासून जरा वर, कातडीच्या खाली होतं. दुखत नव्हतं. लाल नव्हतं. बोटाखाली टणक, गोल लागायचं. मोहरीची तूर झाली, तुरीचा वाटाणा झाला. मी चौकात सांगताना बोर सांगायचो, कारण वाटाण्यासाठी आमच्या गावात कोणी चहा पाजत नाही. ते भांडत नव्हतं आणि जातही नव्हतं.

गिऱ्हाइकं मात्र डोळ्याकडं पाहून दोन पावलं मागं सरायला लागली. “डोये आले काय, ताई?” असं विचारायची आणि हार पदरानं उचलायची. आईनं ते पाहिलं. जेवताना, भाकरी मोडता मोडता ती म्हणाली, “हे बरं होईस्तोवर मधलीले बसू दे ओट्यावर. देवाचे फुलं हायेत.”

वहिनीचा घास हातातच राहिला. भाऊ ताटाकडं पाहत होता. ताटात काय एवढं होतं देव जाणे, पिठलंच होतं.

“मी अकोल्याले दाखवून येतो,” वहिनी म्हणाली. आमच्याकडच्या कितीतरी बाया ‘येतो’च म्हणतात. “मंग ठरवा.”

भावाला शेत सोडवेना, म्हणून सोबत मी गेलो. मे महिना होता. अकोल्याच्या उन्हाबद्दल लोक काहीबाही सांगतात, मी फक्त खरं सांगतो: स्टँडवर मी उतरलो, वहिनी उतरली, पण माझी सावली बसमधून उतरायला तयार नव्हती. तिला ओढून काढून आम्ही डोळ्यांच्या दवाखान्यात पोचलो.

डॉक्टरीणबाई कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी वहिनीला खाली बघायला सांगितलं आणि पाकिटाची झडप उलटावी तशी पापणी उलटली. मी भिंतीवरच्या अक्षरांकडं बघत राहिलो.

“कधीपासून आहे?”

“लग्नसराई लागली तवापासून.”

“दुखतं?”

“दुकत असतं तर बरं झालं असतं. लोकं निदान हाय हाय तरी करते.”

बाई पहिल्यांदा हसल्या. “ही रांजणवाडी नाही.”

वहिनी खुर्चीतून उठलीच. “नाई? रांजनवाडी नाई? मंग काय हाये?”

“गाठ आहे. तेलाच्या नळीची.” मग त्यांनी कागदावर पापणी काढली आणि तिच्यात उभ्या बारीक रेघा ओढल्या. पापणीच्या आत अशा तेलाच्या नळ्या असतात, किनारीवर त्यांची तोंडं असतात, तिथून जरा जरा तेल येतं आणि डोळ्यातल्या पाण्यावर पसरतं, म्हणून डोळा सुकत नाही. एखाद्या नळीतलं तेल घट्ट झालं, तोंड बुजलं, की मागं तेल साठतं आणि त्याची गाठ होते. या गाठीची दुसऱ्याला लागण होत नाही. हिचा चोरून बघण्याशी संबंध नसतो. हे शेवटचं त्यांनी आपणहून सांगितलं, म्हणजे अकोल्यातही तेच चालत असणार.

“म्हंजे ठिबकची तोटी बुजली,” वहिनी म्हणाली.

“अगदी.”

“मंग उघडाची कशी? आमी तर तोट्याईले अ‍ॅसिड सोडतो.”

“इथं गरम पाणी,” बाई घाईघाईनं म्हणाल्या. स्वच्छ फडकं सोसेल इतक्या गरम पाण्यात पिळायचं, मिटलेल्या डोळ्यावर दहा मिनिटं ठेवायचं, गार झालं की पुन्हा बुडवायचं. दिवसातून तीन-चार वेळा. शेकून झालं की धुतलेल्या बोटानं वरून खाली, केसांच्या दिशेनं हलकं चोळायचं. दाबायचं नाही, फोडायचं नाही, सुईचं नाव काढायचं नाही. काजळ बंद.

“किती दिवस?”

“दिवस नाही, आठवडे. कधी महिने. नाहीच गेली तर आतून छोटी चीर देऊन काढू. बाहेर खूणही राहत नाही. एक लक्षात ठेवा, गाठ काढूनही तिथंच पुन्हा पुन्हा आली, किंवा पापणीचे केस झडायला लागले, तर हयगय करायची नाही. म्हाताऱ्या माणसाला तर मुळीच नाही. ते वेगळं काही असू शकतं. तुमचं तसं दिसत नाही.”

परतीच्या बसमध्ये वहिनीला मी इतकं खुशीत पाहिलं, की तेवढं तिच्या लग्नात पण पाहिलं नव्हतं. शेजारच्या अनोळखी बाईला सांगितलं, कंडक्टरला सांगितलं, तिकिटाच्या सुट्या पैशांबरोबर त्याला तेलाच्या नळ्याही समजावल्या. रांजणवाडी नव्हती! म्हणजे चोरून पाहणं नव्हतं, शिक्का नव्हता, टवाळी नव्हती. ओटा तिचाच होता.

दारातून आत पाऊल टाकायच्या आधीच ती ओरडली, “आई! रांजनवाडी नाई वो! गाठ हाये, गाठ!”

आई तांदूळ निवडत होती. तिचा हात सुपातच थांबला. मधली आतून बाहेर आली. शेजारणीची खिडकी उघडीच होती, ती आणखी उघडली.

आता हे समजून घ्या, की आमच्या भागात ‘गाठ’ या शब्दाचे चार अर्थ कोशात असतील, गावात एकच आहे. अमक्याला गाठ निघाली म्हटलं की लोक पुढचं विचारत नाहीत, फक्त “मुंबईले नेलं काय?” म्हणतात. वहिनी एका शब्दातून सुटून आली आणि स्वतःच्या तोंडानं दुसऱ्यात जाऊन बसली. पहिल्या शब्दावर लोक हसत तरी होते.

दुसऱ्या दिवशी देवळाच्या रस्त्यावर एकाही माणसानं टिंगल केली नाही. नारळवाला उठून उभा राहिला आणि म्हणाला, “ताई, पानी घ्या,” आणि शहाळं दिलं, फुकट. त्या माणसानं आयुष्यात देवालाही नारळ फुकट दिला नव्हता. वहिनी त्या दिवशी खरी घाबरली.

“अवो, तेलाची गाठ हाये,” ती म्हणाली.

“हाव ताई. तेलाचीच.”

“डॉक्टरीन म्हने काई भेव नाई.”

“नाईच बाप्पा. भेव कायचं?” आणि तो डोळे पुसत दुकानात गेला.

ती जितकं समजावून सांगायची, तितकी लोकांची खात्री व्हायची, की हिला घरच्यांनी खरं सांगितलेलं नाही. त्यांच्या आवाजात तो गोडवा आला, जो आमच्याकडं फक्त दोघांसाठी राखून ठेवतात, जावयासाठी आणि मरणाऱ्यासाठी. मला घरोघर बाजूला घेऊन विचारायचे, “कोन्या स्टेजले हाये?” मी म्हणायचो, पापणीच्या स्टेजला. माझ्यावर कोण विश्वास ठेवणार? आयुष्यभर बोराएवढ्या गोष्टी सांगणाऱ्यानं एकदा खरं वाटाण्याएवढंच सांगितलं तर ते खोटंच वाटतं.

परतवाड्याहून कोणीतरी मेळघाटातली मुळी पाठवली. रिद्धपूरला जाऊन आलेल्या एका आजीनं प्रसाद आणला. आईचं तर विचारू नका. ज्या आईनं वहिनीला कधी सायीचा कोपरा दिला नाही, ती ग्लासभर दूध सायीसकट घेऊन पाठीमागं फिरायला लागली. वहिनीच्या हातची घागर काढून घेतली. झाडू काढून घेतला. आणि एका सकाळी, ओट्यावर जायची पिशवीही काढून घेतली.

“तू आराम कर, बाई. जिवापरीस ओटा मोठा नाई.”

“आई, मले काई झालं नाई.”

“मी कुठी म्हनतो झालं म्हनून? आराम कर.”

मधली ओट्यावर बसली. तिच्या हारांबद्दल मी बोलत नाही, गायीचा अपमान होतो.

माणसाला जागेवरून उठवायचं असेल तर भांडू नये. भांडलं की ते बसून राहतं. त्याची काळजी करावी.

वहिनी भांडू शकली असती, तिची जीभ साऱ्या रस्त्याला ठाऊक होती. पण दुधाच्या ग्लासाशी कसं भांडायचं? भाऊ रात्री शेतावरून आला की एकदाच विचारायचा, “शेकलं?” ती म्हणायची, “हाव.” त्यांचा एवढा लांब संवाद मी आधी ऐकला नव्हता.

ती शेकत होती, हे खरं. चिकाटीनं. आमच्या उन्हाळ्यात पाणी तापवायची गरज नव्हती, टाकीचा नळ सोडला की चहाच यायचा, फक्त पत्ती टाकायची राहिलेली. उकाड्यात सारं घर पंख्याखाली मरून पडलेलं असायचं आणि वहिनी दारात बसून डोळ्यावर गरम फडकं धरायची. येणारेजाणारे ते पाहून च्‌ च्‌ करायचे. पाऊस लागला, पेरण्या झाल्या. वाटाण्याची पुन्हा तूर झाली. आणि तिथं अडली. महिनाभर तूर ती तूरच.

श्रावणात आम्ही पुन्हा अकोल्याला गेलो. बाईंनी थेंब टाकले, पापणीत बारीक सुई देऊन ती बधिर केली. तेवढंच दुखलं, वहिनी म्हणाली, मुंगळा चावल्यासारखं. मग पापणी उलटून आतून चीर दिली आणि साठलेलं सगळं खरवडून काढलं. मी बाहेर चहा मागवला होता, तो गार व्हायच्या आत वहिनी डोळ्यावर पट्टी बांधून बाहेर आली आणि माझा चहा पिऊन बसली. काढलेला तुकडा बाईंनी तपासायला पाठवला. “मी सगळ्यांचाच पाठवते,” त्या म्हणाल्या. मी वहिनीला तिथंच म्हटलं, “वयनी, हे घरी सांगू नोका.” पण ती खोटं बोलणारी बाई नव्हती. तो खानदानी धंदा माझ्याकडं होता.

तुकडा तपासायला गेला हे ऐकून गल्लीनं उरलीसुरली आशाही सोडली. रिपोर्ट साफ आला. वहिनीनं तो सगळ्यांना दाखवला. “तसंच लिहून देतात बाप्पा,” शेजारीण मधलीला म्हणाली. “पेशंटच्या हाती काय खरं देतात?”

पापणी पूर्ववत झाली. इतकी साफ, की कोणत्या डोळ्यावर होतं ते मलाच आठवावं लागायचं. एका सकाळी वहिनी न्हाली, हिरवं पातळ नेसली आणि कोणाला न विचारता ओट्यावर जाऊन बसली. मधली कडेला सरकली, उठली नाही. वहिनीनं गोणपाटावर पाणी शिंपडलं. निशिगंध वेगळा केला, शेवंती वेगळी केली. मी टेम्पोतून झेंडू उतरवत होतो, तो उतरवायचं विसरलो.

जुनी गिऱ्हाईक असलेली एक मावशी आली. वहिनीनं तिच्या तीन पोरींच्या लग्नाचे हार केले होते. मावशीनं वहिनीचा हात हातात घेतला, चेहऱ्यावरून हात फिरवला.

“बरी हायेस ना, माय?”

“चांगली हावो, मावशी. पाहा, काई हाये काय डोयाले?”

“नाई बाप्पा. काईच नाई.” मावशीनं डोळ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. मग ती जराशी वळली आणि मधलीला म्हणाली, “नातीचं कुंकू हाये आज, सोयरीक पक्की झाली. एक चांगला हार दे, बाई. तू दे.”

मधलीनं दिला. फुलं खालीवर झालेली, दोरा बाहेर आलेला. मावशीनं तो कपाळाला लावला आणि घेऊन गेली.

हातातली शेवंती वहिनीनं पाण्यात ठेवली, पातळाचा ओचा झटकला आणि घरी आली. मग ती मागच्या खोलीत बसून हार ओवायला लागली. तिचे हार टोपल्यात भरून मी ओट्यावर न्यायचो आणि मधली ते विकायची. लोक म्हणायचे, मधलीचा हात आता चांगलाच बसला.

मग दसरा आला. दसऱ्याला अमरावतीत झेंडूचा जो पूर येतो तो आला की माणसं रस्त्यानं चालत नाहीत, फुलांवरून पोहत देवळात जातात. मधलीचा हात पहाटेच थकला. गिऱ्हाइकांची रांग नारळवाल्याला ओलांडून पार पुढच्या चौकात गेली, लोक शिव्या द्यायला लागले. आईनं मला घरी पिटाळलं.

“तिले आन. लवकर आन.”

वहिनी आली. बसली. दुपारपर्यंत तिनं मान वर केली नाही. त्या दिवशी कोणी तिची पापणी पाहिली नाही, कोणी हार पदरानं उचलला नाही, कोणी “तू दे, तू नको” म्हटलं नाही. मोटरसायकलीची माळ, ट्रकची माळ, मशीनची माळ, दाराची तोरणं, सगळ्यांनी तिच्या हातून ओढून ओढून नेली. ती मावशीही येऊन गेली. लोक पुन्हा ओरडत होते, “ताई, मले! ताई, पहिले मले!” आणि वहिनीचा चेहरा पुन्हा तसा झाला होता.

दिवेलागणीला झेंडू संपला. ओट्यावर नुसत्या पाकळ्या आणि देठं उरली. आईनं पदरानं वहिनीच्या कपाळावरचा घाम पुसला.

“लय थकली माही बाई. उद्यापासून आराम कर.”

वहिनीनं आईकडं पाहिलं. “सनाले गाठ नसते काय वो, आई?”

“सनाची गोष्ट येगळी,” आई म्हणाली, अगदी प्रेमानं, आणि मधलीला हाक मारून तिनं ओटा झाडायला सांगितला.